'पडद्यावरची आई' या मथळ्यात न मावणाऱ्या रीमा लागू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना मध्यावर आला की रीमा लागू यांच्यावरचे लेख छापून येऊ लागतात आणि जून सरेपर्यंत येत राहतात. १८ मे हा स्मृतिदिन, २१ जून हा जन्मदिन, मध्ये जेमतेम महिना. मथळा ठरलेला : 'पडद्यावरची लाडकी आई'. फोटोही ठरलेला. आत चार-पाच हिंदी चित्रपटांची नावं, एक सासू-सुनेची मालिका आणि शेवटी 'चटका लावणारी एक्झिट'. असे लेख कुणी वाईट हेतूनं लिहीत नाही, पण त्यांतल्या काही चुका वर्षानुवर्षं एका लेखातून दुसऱ्या लेखात उतरत आल्या आहेत. शिवाय कामाचा मोठा भाग त्यांत येतच नाही. पुढच्या वेळी मजकूर तयार करणाऱ्याच्या हाताशी असावं म्हणून हे पत्र. लांबलं आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

सुरुवात वयापासून. जन्म २१ जून १९५८, मृत्यू १८ मे २०१७ च्या पहाटे. त्यांना ५९ पूर्ण व्हायला ३४ दिवस कमी होते. म्हणजे वय ५८. त्या दिवशीच्या कित्येक बातम्यांत '५९ व्या वर्षी' आणि 'वयाच्या ५९ वर्षी' यांची गल्लत झाली. ५९ वं वर्ष चालू होतं हे बरोबर, वय ५९ होतं हे चूक. चालू सालातून जन्मसाल वजा केलं की वाढदिवस यायचा असेल तिथे एक वर्ष जास्तीचं धरलं जातं, एवढंच त्यामागचं कारण. दुसऱ्या एखाद्या कलावंताबाबत या एका वर्षानं काही बिघडलं नसतं. इथे मात्र वय हाच कारकिर्दीतला सगळ्यात नवलाचा भाग आहे, तेव्हा तो तरी नीट मोजायला हवा.

मोजून पाहू. 'कयामत से कयामत तक' एप्रिल १९८८ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात जुही चावलाच्या आईचं काम करणाऱ्या रीमाताई तेव्हा २९ वर्षांच्या होत्या. (याच कारणानं 'मैंने प्यार किया'तली आई ही त्यांची पहिली गाजलेली आई, हे वाक्य काढून टाकावं लागतं.) 'मैंने प्यार किया' लागला २९ डिसेंबर १९८९ ला. सलमान खानला दोनच दिवसांपूर्वी २४ वं पूर्ण झालं होतं आणि त्याची आई होती ३१ वर्षांची. १९९३ च्या 'गुमराह'मध्ये त्या श्रीदेवीच्या आई झाल्या. दोघींच्या वयात खऱ्या आयुष्यात पाच वर्षं आणि दोन महिन्यांचं अंतर. १९९९ च्या 'वास्तव'ला तर कमाल झाली : संजय दत्तचा जन्म २९ जुलै १९५९ चा, म्हणजे हा मुलगा आईपेक्षा तेरा महिन्यांनी लहान!

हे निव्वळ गमतीचं कोष्टक म्हणून छापलं तर त्यातलं कसब निसटतं. आपल्यापेक्षा तेरा महिन्यांनी लहान असलेल्या नटाची आई होण्याचे दोन मार्ग असतात. पहिला सोपा. केसांना पांढरा रंग, डोळ्यांखाली पेन्सिलीची रेघ, पाठीला थोडा बाक आणि आवाजात कंप. त्याची खोट अशी, की जवळच्या चौकटीत, म्हणजे क्लोज-अपमध्ये, कातडी खरं बोलून जाते. गालाची ठेवण तिशीची आणि केस साठीचे, हा विरोध प्रेक्षकाला बोट दाखवून सांगता येत नाही, पण खटकतो. रीमाताईंनी बहुतेक वेळा दुसरा मार्ग घेतला. वय त्यांनी रंगभूषेवर सोपवलं नाही, हालचालीच्या वेगात ठेवलं. हाक आली की तरुण पात्र आधी वळतं आणि मग ऐकतं. रीमाताईंची आई आधी ऐकते, हातातलं भांडं किंवा कपडा खाली ठेवते आणि मग वळते. समोरच्या मुलाकडे बघताना नजर चेहऱ्यावर थांबत नाही, अंगभर फिरून येते : जेवला का, कपडे चुरगळलेत का, कुठे लागलंय का. एवढ्यावर तेरा महिने मोठी बाई वीस-पंचवीस वर्षांनी मोठी वाटू लागते. त्यांच्याआधीची हिंदी पडद्यावरची आई बहुधा पांढऱ्या साडीत, शिवणयंत्रावर वाकलेली असे. ही आई रंगीत साडीत, मुलाशी थट्टा करणारी आणि नवऱ्याला डोळ्यांनीच गप्प करणारी. पोशाखातला बदल पटकथेनं आणि वेशभूषाकारानं केला असेल, पण तो पटवून देण्याचं काम त्यांचं होतं. फिल्मफेअरची साहाय्यक अभिनेत्रीसाठीची नामांकनं त्यांना चार वेळा मिळाली : 'मैंने प्यार किया', 'आशिकी', 'हम आपके हैं कौन' आणि 'वास्तव'. पारितोषिक एकदाही नाही. 'वास्तव'च्या वर्षीही नाही, हे आमच्या मते त्या यादीतलं सगळ्यात न पटणारं पान आहे.

आता मागे जाऊ. मूळ नाव नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे मराठी रंगभूमीवरच्या अभिनेत्री. शाळा पुण्याची हुजूरपागा. लहानपणी नयन या नावानं कामं केली आणि विवेक लागू यांच्याशी लग्न झाल्यावर रीमा लागू. त्यामुळे जुनी जाहिरात, फोटोची ओळ किंवा श्रेयनामावली शोधताना दोन्ही नावांनी शोधावं लागतं. रोमन लिपीत तर नावाची स्पेलिंगंही एकसारखी नाहीत, 'रीमा'चंही आणि 'लागू'चंही. संगणकावर एकाच स्पेलिंगनं शोधणाऱ्याला निम्मीच कामं सापडतात आणि तो निम्म्या कामांवर लेख लिहून मोकळा होतो. चित्रपटांची सुरुवात आईच्या भूमिकेपासून झालेली नाही, हेही त्यामुळेच सुटतं. जब्बार पटेल यांचा 'सिंहासन' १९७९ चा, गोविंद निहलानींचा 'आक्रोश' १९८० चा, श्याम बेनेगल यांचा 'कलयुग' १९८१ चा. तिन्हींत त्या आहेत, तिन्हींत भूमिका लहान आहेत आणि तिन्ही दिग्दर्शकांची नावं पाहिली की कळतं, त्या वेळी ही मुलगी कोणत्या रांगेत उभी होती. दूरदर्शनवरची 'खानदान' १९८५ ची. म्हणजे 'मैंने प्यार किया'च्या चार वर्षं आधीच त्या घरोघरी पोचल्या होत्या.

युनियन बँकेतली नोकरी लेखांत एका ओळीत येते, 'अभिनयाच्या ओढीनं बँकेची नोकरी सोडली' अशा थाटात. तिचं खरं महत्त्व वेगळं आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मुंबईची मराठी रंगभूमी पुष्कळ अंशी बँका, विमा आणि रेल्वे यांच्या नोकरदारांवर उभी होती. आंतरबँक एकांकिका स्पर्धा ही भरतीची जागा, राज्य नाट्य स्पर्धा ही परीक्षा आणि त्यातून नाव झालं की व्यावसायिक नाटक. व्यावसायिक नाटकात महिन्याचा पगार नसतो, 'नाईट' असते : प्रयोग झाला तर पैसे, रद्द झाला तर शून्य. शनिवारी-रविवारी आणि सुटीच्या दिवशी दोन-दोन प्रयोग लागतात, दुपारी चारला शिवाजी मंदिर, रात्री साडेआठला ठाण्याचं गडकरी रंगायतन. मधल्या दोन-अडीच तासांत नेपथ्य उतरवायचं, टेम्पोत घालायचं, पुन्हा लावायचं आणि कलाकारांनी त्याच वेळात पोचून, दोन घास खाऊन पुन्हा उभं राहायचं. आठवड्याच्या मधल्या वारी तालीम, तीही कचेरी सुटल्यावर सहा-साडेसहाला. बँकेची नोकरी या वेळापत्रकात नेमकी बसत होती, कारण तिची वेळ पक्की आणि पगार पक्का. म्हणून नोकरी ही अभिनयातली अडचण होती असं लिहिणं उलटं आहे. भाडं नोकरीतून निघत होतं, त्यामुळे न पटणारं नाटक नाकारता येत होतं. चित्रीकरणाचं मात्र तसं नाही. त्याला सलग दिवस लागतात, तारखा ऐन वेळी बदलतात आणि रजा संपतात. नोकरी सुटते ती इथे.

नाटकांपैकी दोन नावं प्रत्येक लेखात असायलाच हवीत. जयवंत दळवी यांचं, विजया मेहता यांनी दिग्दर्शित केलेलं 'पुरुष', आणि शेखर ताम्हाणे यांचं 'सविता दामोदर परांजपे'. 'पुरुष'मध्ये नाना पाटेकरांच्या गुलाबरावासमोर रीमाताईंची अंबिका होती. एका शिक्षकाची मुलगी, सत्ताधारी पुढाऱ्याकडून झालेला बलात्कार आणि शेवटी तिनं स्वतः चुकता केलेला हिशेब. या भूमिकेतली मेख अशी की पहिल्या अंकातली मोकळी, हसरी मुलगी खरी वाटली नाही तर शेवटच्या अंकातली बाई नुसती सूड घेणारी वाटते आणि नाटक घसरतं. भूमिकेचा तोल पहिल्या वीस मिनिटांत ठरतो. त्या वीस मिनिटांत गुलाबरावाकडे ती कशी बघते, यावर पुढचं सारं अवलंबून असतं.

'सविता दामोदर परांजपे' हे आवाजाचं नाटक. एका गृहिणीच्या अंगात दुसरीच बाई बोलू लागते. रंगभूषा बदलायला विंगेत जायची सोय नाही. बदल व्हायचा तो प्रेक्षकांसमोर, आवाजात आणि मानेच्या ठेवणीत. नवख्या नट्या इथे हमखास एक चूक करतात : दुसऱ्या बाईसाठी घसा आवळून खरखरीत आवाज काढतात. परिणाम होतो, पण दुसऱ्या अंकापर्यंत आवाज बसतो आणि रात्रीच्या प्रयोगाला घसाच राहत नाही. आवाज पोटातून उचलावा लागतो. पट्टी खाली आणायची, शब्दांमधली श्वासाची जागा बदलायची आणि वाक्याचा शेवट, जिथे आपण सहसा उतरतो, तिथे न उतरता सपाट सोडायचा. सपाट सुटलेलं वाक्य ऐकणाऱ्याला अस्वस्थ करतं. ओरडण्यापेक्षा त्याची भीती जास्त वाटते. त्या वेळच्या ध्वनिव्यवस्थेत रंगमंचाच्या कडेला ठेवलेले आणि वरून सोडलेले मोजके माईक असत, अंगावर लावायचे नव्हेत. पाठ फिरवून बोललेलं वाक्य मागच्या रांगेपर्यंत पोचवायचं तर उच्चाराची धार लागते. रीमाताईंच्या मराठीत ती होती. जोडाक्षरं त्या गिळत नसत, आणि पुढे मालिकांच्या घाईतही ती सवय सुटली नाही.

आता १९९४. आमच्या मते हे साल त्यांच्या कारकिर्दीचा खरा मध्य आहे आणि त्याच्याकडे कुणी एका चौकटीत पाहत नाही. त्या वर्षी ऑगस्टमध्ये 'हम आपके हैं कौन' लागला. त्यात त्या रेणुका शहाणे आणि माधुरी दीक्षित अशा दोन मुलींच्या आई. त्याच वर्षी दूरदर्शनवर 'श्रीमान श्रीमती' सुरू झाली. तिथे त्या कोकी, म्हणजे केशव कुलकर्णीची बायको. तिच्यावर शेजारचा दिलरुबा लट्टू आहे, आणि कोकीचा नवरा दिलरुबाच्या बायकोवर. जतीन कनाकिया, राकेश बेदी, अर्चना पूरणसिंग आणि रीमा लागू या चौघांच्या या खेळात शेजाऱ्याच्या मनात भरणारी देखणी गृहिणी त्यांनी केली. आणि त्याच वर्षी डीडी मेट्रोवर 'तू तू मैं मैं'. तिथे त्या देवकी, सुप्रिया पिळगावकर यांच्या सासू. सून सासूपेक्षा फक्त नऊ वर्षांनी लहान. एक बाई, वय ३६, एकाच वर्षी थिएटरात माधुरीची आई, एका वाहिनीवर शेजाऱ्याची स्वप्नसुंदरी आणि दुसऱ्या वाहिनीवर सासू. प्रेक्षकांनी तिन्ही मुकाट्यानं मानली. 'पडद्यावरची आई' हा मथळा या तिन्हींतलं एकच काम सांगतो.

विनोदी मालिकेचं काम दिसतं त्यापेक्षा किचकट असतं. ते कसं होतं हे थोडं सांगितल्याशिवाय कोकी आणि देवकी यांचं मोल कळणार नाही. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता बावीस-तेवीस मिनिटं उरतात. त्या काळच्या हिंदी विनोदी मालिकांत हशा नंतर चिकटवलेला असे. सेटवर प्रेक्षक नसतात, हसायची कुणाला परवानगी नसते. ज्या वाक्याला हशा पडणार असं दिग्दर्शकाला वाटतं त्यानंतर नटानं साधारण दीड ते दोन सेकंद जागा सोडायची असते. नाटकात ही जागा आपोआप मिळते. प्रेक्षक हसतो, ओसरू लागतो, आणि हशा पूर्ण विझायच्या आत पुढचं वाक्य टाकायचं, ही नाटकवाल्यांची अंगवळणी पडलेली गोष्ट. शांत सेटवर तीच जागा मनातल्या मनात मोजावी लागते. कमी सोडली तर संकलकाला हशा लावता येत नाही. लावला तर पुढचं वाक्य त्याखाली बुडतं. जास्त सोडली तर नट वाक्य विसरल्यासारखा दिसतो. शिवाय त्या दोन सेकंदांत चेहरा रिकामा राहून चालत नाही, आणि फार काही केलं तर विनोद दुसरीकडेच जातो. मग संकलक दुसऱ्या नटाची वेगळी टिपलेली 'रिॲक्शन' मध्ये टाकतो, आणि अशी ठिगळं वाढली की भाग तुटक वाटतो. रीमाताईंच्या प्रसंगांत अशी ठिगळं फार लागत नाहीत. 'श्रीमान श्रीमती'चा कुठलाही भाग आवाज बंद करून पाहावा. कोकीचं वाक्य संपतं, ती ओठ मिटते, भुवया जागच्या जागी राहतात आणि डोळे फक्त एकदा, समोरच्याकडून दाराकडे जाऊन परत येतात. हशाची जागा तेवढ्यात भरून निघते.

'तू तू मैं मैं'चा प्रश्न निराळा. मालिका भांडणाची. खऱ्या भांडणात दोघी एकदम बोलतात. चित्रीकरणात दोघी एकदम बोलल्या तर ध्वनिफीत निकामी होते, कारण एकीचं वाक्य दुसरीच्या तोंडावर सांडलं की तिथे कात्री चालवता येत नाही. म्हणून भांडण असं करायचं असतं की एकीचा शेवटचा शब्द पूर्ण संपावा, दुसरीचा पहिला लगेच सुरू व्हावा, मध्ये केसाएवढी फट राहावी आणि ऐकणाऱ्याला मात्र दोघी एकमेकींवर तुटून पडल्यासारख्या वाटाव्यात. दुसरा धोका आवाजाच्या पातळीचा. नाटकातून आलेला नट चिडला की मोठ्यानं बोलतो. ध्वनिमुद्रणाच्या मीटरचा काटा लालात गेला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कशानंही शिवता येत नाही. चिडणं आवाजाच्या मोठेपणातून काढून वेगात आणि शब्दांवरच्या ठोक्यात न्यावं लागतं. देवकी सुनेवर सर्वांत जास्त चिडते तेव्हा ती हळू बोलते, हे लक्षात ठेवून मालिका पुन्हा पाहावी. सचिन पिळगावकरांचं दिग्दर्शन आणि सुप्रियाताईंची तोडीस तोड साथ यांचा त्यात वाटा आहेच. मालिका डीडी मेट्रोवरून पुढे स्टार प्लसवर गेली आणि २००० पर्यंत चालली. जुन्या लेखांत तिची वाहिनी कधी ही तर कधी ती दिलेली असते. दोन्ही बरोबर आहेत, काळ वेगवेगळा आहे.

'वास्तव'बद्दल जास्त लिहीत नाही, कारण त्यातला शेवट सगळ्यांना पाठ आहे. एकच सुचवतो. तो प्रसंग 'आईनं मुलाला गोळी घातली' असा सांगितला जातो, पण त्याची तयारी फार आधीपासून आहे. गोष्ट सांगणारी आईच आहे, तेव्हा आपण पाहतो ते सगळं तिनं मागे वळून पाहिलेलं आहे.  म्हणून शेवटी हात उचलणं तिच्याकडून आलेलं वाटतं, पटकथेनं लादलेलं वाटत नाही. जाता जाता : त्या घरातले वडील शिवाजी साटम, आणि तेही मूळचे बँकवाले. चाळीतलं ते जोडपं इतकं खरं वाटतं, त्यात या योगायोगाचा काही हात असावा अशी आम्हाला दाट शंका आहे.

नंतरच्या काळात मराठीत त्यांनी गजेंद्र अहिरे यांच्या 'अनुमती'त (२०१३) विक्रम गोखले यांच्यासमोर केलेलं काम आणि झी मराठीवरची 'तुझं माझं जमेना' ही मालिका, एवढी दोन नावं तरी मराठी वृत्तपत्रानं विसरू नयेत. शेवटचं काम 'नामकरण' ही स्टार प्लसवरची दैनंदिन मालिका. दयावंती मेहता ही करड्या स्वभावाची बाई, 'लाडकी आई'च्या अगदी दुसऱ्या टोकाची. शेवटच्या दिवसांपर्यंत त्या तिचं चित्रीकरण करत होत्या. दैनंदिन मालिकेचा गाडा कसा असतो हे ठाऊक असलेल्यांना पुढचं सांगायला नको : बारा तासांची पाळी, रोज जवळपास एका भागाचा ऐवज, आणि तयार भागांची 'बँक' बहुतेक वेळा काही दिवसांचीच. मुख्य कलाकार अचानक गेला तर लेखक आधी शिल्लक प्रसंग मोजतो, मग पात्राला गावाला पाठवता येईल का ते बघतो, आणि कथानक त्याच पात्रावर टेकलेलं असेल तर दुसरा चेहरा आणावाच लागतो. 'नामकरण'मध्ये ती भूमिका पुढे रागिणी शाह यांनी केली. नाटकात बदली कलाकार दोन-तीन तालमींत उभा करता येतो, कारण संहिता पूर्ण असते. मालिकेत येणाऱ्याला उद्या आपण काय बोलणार हेही माहीत नसतं.

हे सगळं पडताळायचं कुठे, हा खरा प्रश्न. हिंदी चित्रपट टिकतात. त्यांच्या प्रती असतात, पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. मालिकांचं तसं नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांत भाग यू-मॅटिक किंवा बीटाकॅम या प्रकारच्या व्हिडिओ फितीवर जात. फीत महाग, म्हणून प्रक्षेपण झालं की तिच्यावरच दुसरा कार्यक्रम घेण्याची पद्धत सर्रास होती. जी उरली तिला मुंबईची हवा सोसत नाही. फितीवरचा चुंबकीय थर ज्या चिकट द्रव्यानं धरलेला असतो ते दमटपणानं ओलावतं, फीत यंत्रात चिकटते, फीत वाचणारा हेड गच्च होतो आणि चित्राबरोबर थरही खरवडून निघतो. अशी फीत सापडली तर उत्साहानं लगेच लावून पाहू नये. जलद पुढे-मागे तर मुळीच करू नये. आधी बुरशी आहे का ते कडेनं पाहावं. बुरशी नसून नुसती चिकट असेल तर जाणकाराच्या देखरेखीखाली ५० ते ५५ अंश सेल्सिअसच्या कोरड्या उबेत काही तास ठेवतात, निवू देतात आणि मग एकाच दमात संगणकावर उतरवून घेतात. अर्ध्या तासाच्या भागाला अर्धा तास लागतोच, घाई करायची सोय नाही. उबेचा गुण थोडेच दिवस टिकतो, तेव्हा पुन्हा संधी मिळेल असं धरून चालू नये.

उतरवलेल्या भागांची पुढे होणारी दैना आणखी वेगळी. जुन्या मालिका ४ : ३ चौकटीच्या. आजच्या १६ : ९ पडद्यावर त्या भरून दिसाव्यात म्हणून इंटरनेटवर टाकताना वरून-खालून कापतात. हिशेब सरळ आहे : रुंदी तीच ठेवून असं कापलं की उंचीचा बरोबर चौथा हिस्सा जातो. कमरेपर्यंतच्या चौकटीत त्या चौथ्या हिश्शात कपाळ जातं आणि हात जातात. कोकीचा निम्मा अभिनय पदर सावरणाऱ्या, कपबशी पुढे करून मध्येच मागे घेणाऱ्या हातात आहे. ते हात कापलेला भाग पाहून कुणी 'जुनी मालिका आता तेवढी हसवत नाही' असं लिहिलं तर दोष कोणाचा? काही जण कापत नाहीत, ताणतात. त्यात चेहरा एक तृतीयांशानं रुंद होतो, आणि मग त्यांच्या वजनावर शेरे वाचायला मिळतात. मूळ चौकट ठेवून दोन्ही बाजूंना काळी पट्टी सोडणं हाच एक मार्ग आहे आणि त्याला पैसाही लागत नाही.

नाटकांचं तर चित्रण क्वचितच झालं. पण त्यांची नोंद आहे, आणि ती आपल्याकडेच, वृत्तपत्रांच्या कार्यालयांत आहे. नाटकांच्या जाहिरातींचं पान. त्या दोन स्तंभी चौकटीत तारीख, वार, वेळ, नाट्यगृह, निर्मिती संस्था, कलाकारांची नावं आणि कित्येकदा प्रयोगाचा क्रमांकही असतो. एखाद्या नाटकाच्या शुभारंभापासून दर शनिवार-रविवारची पानं चाळत गेलं तर कोणत्या आठवड्यात भूमिका कोणाकडे गेली हे जवळजवळ दिवसासह सांगता येतं. दोन सावधगिरी. जाहिरात छापली म्हणजे प्रयोग झालाच असं नाही, रद्द प्रयोगाची जाहिरातही पानावर तशीच राहते. आणि कलाकार बदलला तरी छपाईचा जुना ठोकळा काही आठवडे वापरला जाई, म्हणून नाव दिसलं तरी त्याच सुमाराचं परीक्षण किंवा पुढच्या आठवड्याची जाहिरात ताडून पाहावी. शुभारंभाची तारीख नक्की करायला दुसरा आधार रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राचा. संहितेला मंजुरी मिळाल्याशिवाय व्यावसायिक प्रयोग लागत नाही, तेव्हा मंजुरीची तारीख ही शुभारंभाची सर्वांत आधीची हद्द. तिच्या आधीचा शुभारंभ कुणी सांगितला तर तिथे थांबून विचारावं.

आपल्याकडे १९८० ते १९९५ ची बांधीव पानं असतील तर त्यातल्या 'पुरुष' आणि 'सविता दामोदर परांजपे' यांच्या जाहिराती शोधून, तारखांसह, येत्या २१ जूनच्या अंकात छापाव्यात ही विनंती. फोटोसाठी 'मैंने प्यार किया'तली चौकट या खेपेला बाजूला ठेवून कोकीची घ्यावी. घेताना हात कापू नयेत.

आपले,
नाटक व मालिकांच्या ध्वनी, संकलन आणि नेपथ्य विभागांत काम करणारे काही वाचक,
मुंबई व पुणे